एक हजार नऊ पणत्या

कार्तिकातली केशरी सांज कृष्णेच्या संथ, श्यामल पाण्यावर उतरली होती. पूर्वेला त्रिपुरी पौर्णिमेचा पूर्णबिंब चंद्र, पश्चिमेला मावळतीची मंद, मलूल लाली. आणि मधे, घाटाच्या काळ्याभोर पायऱ्यांवर, पदर खोचून बसलेली सुमती. तिचे काहीतरी चुकत होते आणि काय चुकते आहे ते तिला कळत नव्हते.

पुढ्यात पणत्या होत्या, तेलाने तुडुंब, अजून न उजळलेल्या. श्रावणात लेकीचा ताप उतरेना, तेव्हा ती देवापुढे बोलून गेली होती, "माझी चारुता वाचू दे. हजार पणत्या लावीन घाटावर, आणि वर तिच्या वयाच्या नऊ. सारख्या ओळींत लावीन, एकही एकटी ठेवणार नाही." भयाने भांबावलेल्या जिभेला हिशेब कुठून सुचणार? लेक वाचली, नवस फेडायचा राहिला.

सात ओळी मांडल्या. एक पणती उरली. आठ मांडल्या, एक उरली. मोठ्या आशेने नऊ मांडल्या, एक उरलीच. अकरा ओळींत तर आठ उरल्या आणि सुमतीला रडूच कोसळले. त्या उरलेल्या, मातीच्या, मुक्या पणतीकडे पाहिले की तिच्या काळजात चर्र होई. वरच्या पायरीवर चारुता बसली होती, तापाने वाळलेली, धरल्यावाचून अजून न चालणारी. वडिलांनी तिला कडेवरून आणले होते.

वडील वामनराव, शाळेत गणित शिकवणारे. ते हळूच म्हणाले, "अगं, ही मूळ संख्या आहे. हिला एकाने भाग जातो, नाहीतर हिनेच हिला. एक पणती काढून ठेव, मग हव्या तशा ओळी होतील."

"तिच्या वयातलं कुठलं वर्ष काढू, अहो?"

वामनरावांनी हातात घेतलेली पणती परत जागेवर ठेवली.

सुमतीने डोळे पुसले. "एकाने जातो म्हणालात ना? मग एकच ओळ लावते. चालेल का हो देवाला?"

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले आणि टोपली उचलून तिच्या मागे निघाले.

एकच ओळ निघाली. ज्योतीला ज्योत, ज्योतीला ज्योत. घाट सरला, ओळ सरेना. वाळूत उतरली, लव्हाळ्यांना वळसा घालून पुढे गेली. वाकून वाकून सुमतीची कंबर भरून आली. नवस फिटतो आहे की आपण देवाला गुंडाळतो आहोत, तिला उमगेना. टेकावे म्हणून तिने मागे पाहिले, तर वरची पायरी रिकामी.

तिचा जीव उडाला. आणि मग दिसली चारुता, ओळीच्या पार पुढे, ओंजळीत एक पेटती पणती घेऊन, एकटी, कुणी न धरलेली. हाक मारावी तर दचकून पडेल. न मारावी तर किती लांब जाईल? हसावे की रडावे, देवाचे नाव घ्यावे की लेकीचे, काहीच सुचेना.

काठाकाठाने ओंजळीएवढा उजेड चालला होता. थांबत, डळमळत, पुन्हा चालत.