गळका वॉल

बारवीचं धरण आमच्या उशाला. त्याचा जाडजूड पाइप आमच्याच बांधावरून उल्हासनगरला जातो. पण आमच्या पाड्यात नळ नाही. होता तो एक गळका वॉल, साहेबलोक व्हॉल्व्ह म्हणतात तो, पाइपाच्या डोक्यावर बसवलेला. बारा महिने पिचकाऱ्या मारायचा. आमची विहीर शिमग्यालाच आटते, नदी कोसभर लांब, मग पावसापर्यंत सगळा पाडा त्या गळतीवर जगायचा. खाली पत्रा लावलेला, म्हशी घुसू नयेत म्हणून भोवती दगड रचलेले. नंबर मी लावायचे. कोणी मध्ये हंडा सरकवला तर तिच्या माहेरापर्यंत जाऊन यायचे मी तोंडानं. म्हणून भांडणं नव्हती.

यंदा माझा थोरला, हरिचंद्र, पंचायतीत निवडून आला. लगेच पांढरे कपडे शिवले, कडक इस्त्रीचे. एक दिवस छाती फुगवून सांगतो, "आये, मी हापिसान तक्रार केली. बोल्लू, पानी फुकट जातंय, नी आमच्या बाया चिखलान उभ्या ऱ्हातान. आमाला नल द्या."

"मग देतान का?"

"बगतो बोलले."

बघितलं त्यांनी. हऱ्याच्या पोरीची, कुंदाची, हळद उद्यावर आलेली, आणि सकाळीच जीप आली. फिटर उतरला, वॉल खोलला, नवं रबर घातलं, पान्यानं आवळला. पत्र्याखाली हंडे तसेच तोंड वासून.

"ए बाबा, नल कुटं हाय?"

"मावशी, नळाचं खातं वेगळं. आमचं काम गळती बंद करायचं. शहरात टंचाई आहे ना."

"टंचाई? माजी लेक विठा उल्हासनगरला कॅम्प तीनला दिलीय. तिच्या शेजारी दिवसभर जीनच्या पँटी धुतान. पँटीला पानी हाय, नी माज्या नातीच्या हलदीला नाय?"

"वरून ऑर्डर आहे, मावशी."

"वर? वर धरन हाय, खाली आमी. मदी कोन घुसला?"

बाया फिस्सकन हसल्या. तोही हसला, घाम पुसला आणि म्हणतो कसा, "मावशी, जरा प्यायला पाणी मिळेल का?"

पाना घेऊन त्याच्या टाळक्यात घालावा वाटलं. पण माझ्या दारातून तहानलेला कधी गेला नाही. दिला तांब्या. घटाघटा प्याला आणि उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं मेल्यानं, माझ्या डोळ्यांदेखत! मग जीप गेली.

हऱ्या आला तो हसतच. "बगलंस, आये? आपल्या तक्रारीवर लगेच गाडी आली. आता नलाचंबी होईल."

मी माझी चुंबळ त्याच्या तेल लावलेल्या डोक्यावर ठेवली आणि हंडा हातात दिला.

"नदीवरशी भरून आन."

"मी? आये, पंच हाय मी. लोक बगतील."

"बगू दे. तुलाच निवडून दिलाय त्यांनी."

गेला. उन्हातून परत आला तेव्हा हंडा अर्धा, सदरा पुरता भिजलेला.

"सांडलं, आये."

"पोरगी सदरा पिलून न्हायाची काय? जा परत."

तोवर बायांनी आपापले हंडे माझ्या अंगणात आणून ठेवले होते. मी उठले आणि त्याच्यासाठी नंबर लावला.