डोलकाठीच्या वरची रेघ

सुनंदाताई आठवली की आधी मला दिसते ती एक हिरवी रेघ. समुद्राकडच्या खिडक्या लावून घेतलेल्या, दुपारच्या उन्हाला दाराशीच थोपवलेलं, आणि त्या कोंदट, सुक्या बोंबलाच्या वासाच्या अंधारात आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या सभागृहाच्या भिंतींवर, छताच्या जरा खाली, चारही बाजूंनी अलगद उमटलेली ती प्रकाशाची रेघ. तिच्या खाली परांचीवर उभी असलेली माझी थोरली बहीण, पदर कमरेला खोचलेला, केसांत प्लास्टरचा भुगा, आणि चेहऱ्यावर लहानपणापासूनचा तोच भाव, की मी सांगते तेच खरं!

ताई छताची कामं करते. अलिबागच्या बाजूच्या कितीतरी बंगल्यांची छतं तिच्या हातची आहेत. पण आपल्या वाड्यातलं हे तिचं पहिलंच काम. उंचावरच्या कामाला ही समपातळीची रेघ टाकणारा लेझर कुठं ठेवायचा, यातच तिचं अर्धं कसब. परांचीवर ती तो कधीच ठेवत नाही, कारण फळीवर कुणी नुसतं पाऊल बदललं तरी रेघ थरथरते. ती भिंत शोधते. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात भिंतीवर ठेवून ती काही क्षण उभी राहते, पोकळ लागली की जीभ टाळ्याला लावून 'च्चक' करते आणि पुढं सरकते. मनाजोगा खांब मिळाला की उंचावर पकड बसवायची, पंखे बंद करायचे, आणि यंत्राच्या पोटातला लंबक शांत होईपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. तेवढा वेळ आमची बडबडी ताई मुकी असते. घरात हे भाग्य आम्हांला कधी लाभलं नाही.

त्या दिवशी रेघ उमटली आणि खाली जमलेल्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. सभागृहाला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तुळई म्हणून घातलेली आहे ती आमच्या आजोबांच्या मोडीत काढलेल्या होडीची डोलकाठी. बाबांनी तरुणपणी पाण्याच्या नळीनं, दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला येतं त्या हिशेबानं, पातळी काढून ती स्वतः बसवली होती. तेव्हापासून वाड्यात सरळ म्हणजे ती काठी. पताका बांधायच्या असोत की लग्नातली तोरणं, आधी मान वर करून काठीकडं बघायचं आणि मग गाठ मारायची. नवं छत काठीच्या वर यायचं होतं, काठी तशीच दिसत राहणार होती. आणि ताईची रेघ गावाकडच्या भिंतीवर काठीला जवळजवळ टेकलेली, तर समुद्राकडच्या भिंतीवर चांगली चार बोटं वर.

"रेघ वाकरी हाय गो, बाय," त्या म्हाताऱ्यांतले धर्माकाका म्हणाले. "तुज्या बापाची काठी बग नि तिच्यासंगती घे."

काठीसोबत छत घेतलं तर ते कायमचं कलणार, आणि ताईचं नाव आपल्याच माणसांत बुडणार. रेघ धरली तर बाबांची काठी वाकडी आहे, हे भर वाड्यात लेकीनंच सांगितल्यासारखं होणार. बाबा तिथंच, समुद्राकडच्या भिंतीखाली, खुर्चीत बसलेले. ताईनं वरून त्यांच्याकडं पाहिलं. रेघ तिनं हलवली नाही. पण काठीबद्दल एक अक्षरही ती बोलली नाही.

बाबा खुर्चीच्या हातांवर भार देत उठले. "माजी नली आना," म्हणाले.

घरून ती जुनी, पिवळी पडलेली नळी आली. बाबांनी तिच्यात बादलीतलं पाणी भरलं आणि थकलेल्या बोटांनी टिचक्या मारत, नळी कुरवाळत, आतला एकेक बुडबुडा बाहेर काढला. "बुरबुरा ऱ्हायला का पानी खोटं बोलतं," असं स्वतःशीच पुटपुटत होते. मग एक टोक घेऊन ताई गावाकडच्या भिंतीशी परांचीवर, दुसरं घेऊन मी समुद्राकडच्या भिंतीशी शिडीवर. तिनं तिकडचं पाणी रेघेवर आणून धरलं. माझ्याकडचं पाणी वर गेलं, खाली आलं, डोललं, आणि हळूहळू स्थिर झालं.

"रेघेवर हाय का रं?" खालून बाबांचा आवाज.

हिरवा प्रकाश पाण्याच्या कडेवर अचूक टेकला होता. "हाय, बाबा."

बाबांनी मान वर करून काठीचं समुद्राकडचं टोक नीट पाहिलं. खाऱ्या वाऱ्यानं समुद्राकडची भिंत आतून पोखरली होती आणि काठीचं ते टोक तिच्यात वर्षानुवर्षं हळूहळू बसत गेलं होतं. आमच्या नजराही तिच्याबरोबर खाली उतरल्या होत्या, इतक्या सावकाश की कुणाला कळलंच नाही.

"माजी काठी बसली गो, बाय," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तुजी रेघ खरी हाय. धर्मा, माजी पोर हाय ती!"

ताईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. रडताना दिसणं तिला मुळीच खपत नाही. मला मात्र त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की हातातल्या नळीचं भान राहिलं नाही, आणि तिच्यातलं पाणी धर्माकाकांच्या टोपीवर सांडलं.

छत रेघेवरच झालं. भिंत डागडुजीनं सावरली, पण काठी उचलून सरळ करू का, असं कुणीसं विचारलं तेव्हा ताईनं हात लावू दिला नाही. आता बाबा नाहीत. सभागृहात गेलो की मी समुद्राकडच्या टोकाला, त्यांच्या खुर्चीच्या जागेवर उभा राहून, छत आणि काठी यांमधली ती चार बोटांची फट बघत राहतो. दर खेपेला ती थोडी वाढल्यासारखी वाटते. "मोजू का लेझर लावून?" ताई विचारते. मी नको म्हणतो. बाबांना जाऊन किती काळ लोटला, तेही मी मोजत नाही; नुसती मान वर करतो, आणि वाटतं, बाबा अजून इथंच खाली बसलेत, नळीतलं पाणी स्थिर व्हायची वाट बघत.