वीज बंद केल्यावरचा उजेड

मामांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोरचा माणूस त्यांना राखाडी डागामागे हरवलेला दिसे, आणि डॉक्टरांनी कडाही फार टिकणार नाहीत असं सांगून टाकलं होतं. मामांनी भाचीकडे एकच हट्ट धरला. "तो सोनेरी उजेड एकदा दाखव, बाळ. मग खुशाल अंधार होऊ दे."

त्या उजेडापायी मामांनी उभं आयुष्य घालवलं होतं. काचेच्या वळणदार नळीतून पंपाने विरळ नायट्रोजन ओढायचा आणि अलीकडच्या टोकाला वीज खेळवायची. नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वीज लागली की असा चेततो, की तिच्यापासून दूर वाहत गेला तरी उजळत राहतो. खुळाच म्हणायचा!

आता प्रयोगशाळा भाचीकडे होती. मामा येणार म्हणून तिने जय्यत तयारी केली. नळी आम्लाने धुतली, तापवून कोरडीठाक केली, वायू पुन्हा पुन्हा गाळला. भर दुपारी काळे पडदे ओढून बटण दाबलं. विजेपाशी गुलाबी झाक आली. पुढची नळी मात्र काळीच.

"मामा, मी सगळं लख्ख केलं हो!" ती रडवेली झाली.

"तिथेच माती खाल्लीस," मामा हसले. "इतक्या कोरड्या काचेला टेकला की तो निवतो. काचेवर ओल धरली की निवत नाही. जराशी दमट हवा येऊ दे आत."

तिने झडप केसभर उघडली. हळूहळू नळीत मधाचा रंग भरत गेला. खोलीच स्वप्नात असल्यासारखी वाटू लागली.

"आला!" म्हणत तिने वळून पाहिलं, तर मामांचं तोंड भिंतीकडे. तिला वाटलं, उशीर झाला होता; त्यांना नळी कुठे आहे हेही कळत नव्हतं. डोळे पुसत तिने वीज बंद केली.

"वळणापाशी आला," भिंतीकडे बघत मामा पुटपुटले. "आता पंपाकडे निघाला. शेपूट तेवढं राहिलं."

तिने नळीकडे पाहिलं. अगदी तसंच होतं.

"मामा, तुम्हाला दिसतंय?"

"समोर बघितलं की नाही दिसत. कडेनं दिसतं. मंद उजेड असाच बघायचा असतो, वेडाबाई. लाव परत."

तिने पुन्हा बटण दाबलं आणि त्यांच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.