एकवीस दिवसांची पट्टी

"डॉक्टर मॅडम, एकदा पोट कापून बाळ काढलं, की पुढचं बाळ त्याच कापातून काढतात की शेजारी नवीन कापतात?"

हा प्रश्न माझा नव्हता. चिमणी आणि टाचणी या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर शाळेत आरोग्याचा तास घ्यायला येणार, आणि मी नववीच्या सगळ्या मुलींसमोर उभं राहून हे विचारून दाखवायचं. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा बाकाच्या कानात सांगितल्यासारखी द्यायचे. या वर्षी वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून हिचं तोंड मिटतच नाही, असं आई म्हणते. तर मी विचारलं. मागे खिदळणं सुरू झालं. शिवणाच्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या, जणू प्रश्न कुंपणापलीकडून आला होता.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "बहुतेक वेळा त्याच जागेतून," म्हणाल्या, आणि फळ्यावर उलट्या पेरूसारखी गर्भपिशवी काढून खाली एक आडवी रेघ मारली. "हा जुना व्रण. क्वचित एखादीचं पुढचं बाळ वर पिशवीत रुजायच्या ऐवजी या व्रणातच रुजतं. तिथली भिंत कागदाएवढी असते. म्हणून सिझेरियन झालेल्या बाईने दिवस राहिले की लवकर सोनोग्राफी करायची. अंगावर रक्त दिसत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही."

पैज मी जिंकले, पण हसू तिथेच आटलं. आमच्या वहिनीचं सिझेरियन झालेलं. तिची छकुली आता दोन वर्षांची. वहिनीला पुन्हा दिवस गेलेत आणि चार दिवस थोडं थोडं लाल दिसतंय. त्यावर आमच्या आत्याचं निदान होतं, "अंगात उष्णता झालीय." आत्याचं कुठल्याही दुखण्याला हेच निदान असतं. तिची स्वतःची दाढ किडली तेव्हाही उष्णताच होती.

आमची रोपवाटिका आहे. संत्र्या-लिंबाची कलमं आणि गुलाब. सबंध घर हातात चाकू आणि प्लास्टिकची पट्टी घेऊनच जन्मल्यासारखं. खुंटाच्या, म्हणजे रानटी रोपाच्या सालीला छेद द्यायचा, त्यात चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब बसवायचा, पट्टी गुंडाळायची. एकवीस दिवस हात लावायचा नाही. मग पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर कलम धरलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या कामाचा भारी अभिमान. त्यांच्या हातचा डोळा वाया जात नाही, असं सगळे म्हणतात. हे 'सगळे' कोण, तर मुख्यतः आप्पाच.

मी दोन दिवस कटकट करून दादा-वहिनीला मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेले. दादाला बोलायला माणूस लागतं. तो स्वतः फक्त मान हलवतो, आणि तीही दोन्हीकडे. सोनोग्राफी झाली. शाळेत आलेल्या त्याच डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी वहिनीला उठून बसायला मदत केली आणि तिच्याकडे बघूनच बोलल्या.

"गर्भ पिशवीच्या आत नाही, जुन्या टाक्यांच्या व्रणात आहे. सात आठवड्यांचा. पुढे लघवीची पिशवी आहे, मध्ये भिंत दोन मिलिमीटरसुद्धा नाही."

"ठोका आहे का?" वहिनीने विचारलं.

"आहे. म्हणूनच घाई आहे. तो वाढेल आणि भिंत फाटेल. मग रक्तस्राव असा होतो की गर्भपिशवी काढूनच बाईला वाचवावं लागतं, आणि तेही वेळेत पोचली तर."

"औषधाने वर नाही का सरकणार? म्हणजे योग्य जागी," दादा म्हणाला. आयुष्यात एकदा तोंड उघडलं आणि त्यातून हे निघालं.

"नाही सरकत," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आत्ता लहान आहे तोवर उपचार सोपे आहेत. वाढ थांबवणारं इंजेक्शन द्यायचं, किंवा सोनोग्राफीत बघत बघत ते हळूच ओढून काढायचं. गरज पडली तर दुर्बिणीतून काढून तो व्रण नीट शिवायचा. मी पहिले दोन उपचार मिळून करेन. नंतर दर आठवड्याला रक्त तपासायचं, त्यातला गरोदरपणाचा आकडा शून्यावर येईपर्यंत. आणि बाहेर कुणाकडून पिशवी साफ करून घेऊ नका. न बघता खरवडलं तर तिथेच रक्त सुरू होतं. उद्या दाखल व्हा."

"घरी विचारून सांगतो," दादा म्हणाला.

घरी विचारलं. तीच चूक झाली.

आप्पा शेडमध्ये कलमांचे डोळे भरत होते. त्यांनी सगळं ऐकलं, चाकू पुसला आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांना ऐकू तरी नीट आलंय ना.

"छेदात धरलंय म्हणतेस?"

"व्रणात, आप्पा."

"तेच ते. अगं, छेदात धरलेलं कधी सुटत नाही. सालीवर नुसतं चिकटवलेलं पडतं. हे तर कलम झालंय. ठोकाही आहे म्हणजे डोळा जिवंत आहे. डॉक्टरला झाडातलं काय कळतं?"

"तिला बाईतलं कळतं, आप्पा. तुम्हाला बाईतलं काय कळतं?"

"वकीलीणबाई, जीभ आवरा," आत्या म्हणाली. "शाळेत हेच शिकवतात वाटतं, सगळ्या वर्गासमोर पोटातलं विचारायला. शिवणाच्या बाईंनी सांगितलं मला."

आप्पांनी निकाल दिला: कलम धरताना झाड हलवायचं नसतं, तेव्हा वहिनीने एकवीस दिवस पडून राहायचं, मग बघू. आत्याने त्यावर कळस केला. जुनी चादर उभी फाडून चार बोटांची पट्टी काढली आणि वहिनीच्या ओटीपोटावर करकचून गुंडाळली. गाठसुद्धा कलमाचीच. मी बघत राहिले. खत वाहून आणणाऱ्या बैलालासुद्धा आमच्याकडे यापेक्षा विचारपूर्वक बांधतात.

आई अशा वेळी भांडी घासते, घासलेलीसुद्धा. दादा गुलाबांना पाणी घालायला गेला आणि ते गुलाब त्या दिवशी बुडायचेच बाकी होते.

दाखल व्हायचा दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले, तर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली. छकुली तिच्या पायाशी बसून बाहुलीच्या पोटाला चिंधी गुंडाळत होती.

"आज जास्त दिसलं," वहिनी हळू म्हणाली. "आणि इथे खाली ओढल्यासारखं होतंय."

"कुणाला सांगितलंस?"

"आत्यांना. म्हणाल्या, पट्टी सैल झाली असेल."

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे आत्यासाठी बारा-तेरा विशेषणं तयार होती. तेवढ्यात लक्षात आलं, की तीन दिवस मी सगळ्या घराला अडाणी ठरवत फिरतेय, दवाखान्यात बोलले, शेडमध्ये भांडले, आणि जिच्या पोटावर एवढी सभा भरलीय तिला एक शब्द विचारला नाही. पैजेसाठी परक्या डॉक्टरला भर वर्गात विचारता येतं. घरातल्या बाईला विचारायला कुणी पैज लावली नव्हती ना. शहाणी कुठली.

"वहिनी, तुला काय करायचंय?"

तिने छकुलीला जवळ ओढलं. "मी ठोका बघितला त्या पडद्यावर," म्हणाली. "इवलासा. लुकलुकत होता. घरी येताना सगळ्या वाटेने मी त्याची माफी मागितली." मग उठून बसली आणि पोटावरची गाठ सोडायला लागली. "मला हिला शाळेत जाताना बघायचंय. मला जायचंय दवाखान्यात. पण तुझे आप्पा हो म्हटल्याशिवाय तुझा दादा गाडीत बसणार नाही."

मी आधी दवाखान्यात फोन केला, मग ती फाडलेली पट्टी हातात घेऊन तडक शेडमध्ये गेले. आप्पा, आई, आत्या तिघंही तिथेच होते, पुढ्यात खुंटांच्या पिशव्यांच्या रांगा.

"आप्पा, जरा मोठ्या झाडाजवळ चला."

"काम चालू आहे."

"कामाचंच विचारायचंय."

कामाचं म्हटलं की आप्पा येतात. शेडमागे आमचं मोठं संत्र्याचं झाड आहे, ज्याचे डोळे काढून आम्ही कलमं भरतो. त्याचं खोड अर्ध्यापर्यंत उभं चिरलेलं, दोन ठिकाणी तारेने आवळलेलं.

"हे कशाने फाटलं?" मी विचारलं.

"तुला माहितीये."

"तुम्ही सांगा. तुम्हाला झाडातलं कळतं."

आप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "जुनी फांदी कापली होती. त्या कापाच्या व्रणातून फुटवा आला. जोमदार होता, म्हणून ठेवला."

"मग?"

"मग वजन आलं त्याला. जुन्या व्रणाला रस नसतो, आतून लाकूड धरत नाही. एका दुपारी सुटला आणि अर्धं खोड घेऊन खाली आला."

"आणि आता असा फुटवा दिसला की काय करता?"

"कोवळा असतानाच अंगठ्याने…" आप्पा थांबले.

"आपण डोळा कुठे भरतो, आप्पा? हिरव्या सालीत, ताज्या छेदात. जुन्या व्रणात भरलाय कधी? चाळीस वर्षांत एकदा? आपल्याकडे काल कामाला लागलेला माणूससुद्धा ही चूक करणार नाही. झाडाच्या बाबतीत. सून असली की मात्र व्रण आणि छेद एकच."

"बापाशी असं बोलतात?" आत्या मागून म्हणाली.

"तुझ्याशी तर मी अजून बोललेच नाहीये, आत्या. ही घे तुझी पट्टी. ठेव जपून, पुढच्या दाढेला बांध."

आई फसकन हसली. मग तोंडावर हात ठेवला, मग तो काढला आणि पहिल्यांदाच बोलली, "मला कालपासून झोप नाही. मला ते झाड आठवत होतं."

"मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं.

"तुझ्यासारखं तोंड कुठंय मला?"

आप्पा तारेवरून बोट फिरवत राहिले. गंज बोटाला लागला, तो त्यांनी खोडालाच पुसला. मला वाटलं, आता हो म्हणतील. पण एवढ्या मोठ्या कारागिराला स्वतःची चूक तोंडावाटे बाहेर काढायची म्हणजे फारच अवघड प्रसूती.

"बघू," ते म्हणाले. "सकाळी विचार करून सांगतो."

वक्तृत्वात पहिली आले तेव्हा परीक्षकांनी सांगितलं होतं, शेवट थोडक्यात करावा. मी आई-आप्पांच्या समोर उभी राहिले.

"सकाळी नाही. वहिनीला आज जास्त जातंय आणि तिने ठरवलंय. चारच्या गाडीने मी आणि ती निघणार. फोन करून डॉक्टरांना सांगितलंय, त्या थांबल्यात. मी विचारलं, सही कुणाची लागते? त्या म्हणाल्या, जिचं पोट तिची. आणि वहिनीला सही येते. आई, तू छकुलीला सांभाळ. दादाला सांगा, गुलाबांचं पाणी बंद करून थांब्यावर ये, मान हलवायला तरी. आप्पा, तुम्हाला यायचं असेल तर या, नसेल तर डोळे भरत बसा. पण पुढचे एकवीस दिवसच काय, आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तिचं रक्त तपासायला मीच नेणार, आणि तोवर या शेडमध्ये तिच्या वाटणीचा चाकू मी धरणार. हे मी विचारत नाहीये, सांगतेय."