पहिला सेंटिमीटर सोडून

टण्ण.

बाळ नुकतंच झोपलं होतं. नळही बंद होता. अशा शांत दुपारी मी टेबलावरून थेट फरशीवर पडले. खारूनं जीभ चावली. आई ओठांवर बोट ठेवून दारात आली. दोघी पाळण्याकडे बघत राहिल्या. बाळानं कूस बदलली आणि पुन्हा मूठ चोखू लागलं. सुटले बाई एकदाची.

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी तीस सेंटिमीटर, म्हणजे कागदोपत्री. माझं शून्याकडचं टोक झिजलंय आणि तिथला जवळजवळ एक मिलिमीटर कुठे गेला, ते मलाही ठाऊक नाही. खारू आठ वर्षांची आहे. पेन्सिली कुरतडते म्हणून तिला घरात खारू म्हणतात. आज ती मला घेऊन सकाळपासून काहीतरी कापाकापी करते आहे. तिच्या हातात मी रेघा मारायची पट्टी. पण एके काळी एका आख्ख्या देशासाठी मी साक्षीला उभी राहिले होते. हसू नका.

माझा जन्म कारखान्यातला. एका कारागिरानं भिंगाखाली माझी एकेक खूण तपासली आणि म्हणाला, "चालेल." ते माझं पहिलं कौतुक. अजून पुरतंय.

तिथून मी आरोग्य खात्याच्या कचेरीत आले. बरीच वर्षं माझ्या वाट्याला मोठं काम आलंच नाही. कागद सरळ फाडायचे, अडकलेला खण उघडायचा. हेडक्लार्क काकांनी तर एकदा माझ्यानं चहासुद्धा ढवळला. मग खारूची आई तिथे नोकरीला लागली. तिनं टेबलावर पत्र्याची एक जुनी डबी ठेवली, टाचण्यांसाठी. ती तिच्या वडिलांची सिगरेटची डबी होती. झाकणावर उडणारा पांढरा पक्षी, मागे निळं आकाश. दुसरं काहीच लिहिलेलं नाही. वडील फुप्फुसांच्या आजारानं गेले होते. तेव्हा खारू जन्मलीही नव्हती.

त्यानंतर सरकारनं नियम केला. सिगरेटच्या प्रत्येक पाकिटाचा वरचा पाऊण भाग आजारी फुप्फुसाच्या चित्रानं भरायचा. तो पाऊण भाग खरंच पाऊण आहे का, हे दुकानांतून नमुने आणून मोजायचं काम खारूच्या आईकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. कचेरीत तिला सगळे मापबाई म्हणू लागले.

हेडक्लार्क काकांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं. "बाई, हिचं टोक झिजलंय. शून्यापासून मोजू नका, एकपासून मोजा. आणि शेवटी दहा मिलिमीटर वजा करा. पहिला सेंटिमीटर पट्टीचा, उरलेले सरकारचे." त्या खोलीची ती रीतच झाली.

पण एके दिवशी घोटाळा झाला. तान्ह्या खारूला रात्रभर ताप होता आणि बाई डोळे चोळत कामावर आल्या होत्या. चित्राच्या उंचीतून त्यांनी दहा वजा केले, पाकिटाच्या उंचीतून करायला विसरल्या. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरचं पाकीट वहीत अठ्ठ्याण्णवचं झालं. पाकीट मोठं झालं तसं चित्र कमी पडलं, आणि एका परदेशी सिगरेट कंपनीचा चांगला माल कचेरीनं अडवला.

आठ दिवसांनी तसंच पाकीट पुन्हा माझ्यापाशी आलं. बाई वहीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "काय गं, पाकीट आठ दिवसांत आखडलं की काय?" मग त्यांना विसरलेले दहा आठवले, आणि त्या उठून साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणाले, "माल सोडू गुपचूप. लिहून कशाला देता? उद्या तेच आपल्या अंगाशी येईल."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. वही काय माझी एकटीची नाही." त्यांनी चुकलेल्या ओळीखाली तांबड्या शाईत सगळं लिहिलं, सही केली, आणि कंपनीला माफीचं पत्र पाठवलं.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून माझं पोलाद थरथरतं. आपल्या सरकारनं पूर्वी दुसऱ्या एका देशाशी करार केला होता. तुमच्या लोकांनी इथे येऊन पैसा गुंतवावा, कारखाने काढावेत. आम्ही त्यांना न्यायानं वागवू, आणि नाही वागवलं तर त्यांनी आमच्यावर दावा लावावा. कंपनी त्याच देशाची होती. तिनं दावा लावला. म्हणे, चित्रानं आमचं नाव झाकलं, गुंतवणूक बुडाली, आणि मोजणी तर मनमानीच आहे.

हा खटला नेहमीच्या कोर्टात चालत नाही. तो तीन पंचांपुढे चालतो, तोही परक्या देशात. एक पंच कंपनीनं निवडलेला, एक सरकारनं, तिसरे अध्यक्ष. खारूला आजीकडे ठेवून बाई निघाल्या. मी त्यांच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेली.

मित्रांनो, ती खोली पाहून मी थक्क झाले. लांबलचक टेबल. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला आख्खा देश. दोघांना सारख्याच खुर्च्या, सारखेच पाण्याचे ग्लास. मधे तो करार, जेमतेम बारा पानांचा. तिकडे आपल्या देशात कोट्यवधी माणसं श्वास घेत होती, आणि त्यांच्या पाकिटांवर काय दिसेल ते या खोलीवर अवलंबून होतं. सरकार हरलं तर इतकी भरपाई द्यावी लागली असती, की पुन्हा असा नियम करायला कुणी धजावलं नसतं. शेजारच्या एका देशानं तर हाच नियम लिहून कपाटात ठेवला होता. आमचं काय होतं ते आधी बघू म्हणून.

कंपनीच्या वकिलांनी आमच्या डॉक्टरांना विचारलं, "हे चित्र पाहून सिगरेट सोडली असा एक माणूस दाखवा."

डॉक्टर म्हणाले, "एक दाखवता येत नाही. हजारो दाखवता येतात, आकड्यांत."

मग बाईंची पाळी आली. वकिलांनी मला चिमटीत उचललं. "हिचं टोक झिजलंय."

"हो."

"आणि हिच्या जोरावर तुम्ही आमचा माल अडवलात?"

"पहिला सेंटिमीटर आम्ही धरतच नाही, साहेब. तो पट्टीचा."

एक पंच खुदकन हसले. वकिलांनी मात्र वही उघडून ती ओळ सगळ्यांना दाखवली. अठ्ठ्याण्णव. असं पाकीट कंपनी काढतच नव्हती. बाईंचे हात टेबलाखाली गेले. तेवढ्यात अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "त्या ओळीखाली तांबड्या शाईत काय आहे? वाचता का?"

बाईंनी वाचलं. "बाळाला ताप असल्याने जाग्रण झाले. दहा वजा करायचे राहिले. माल निर्दोष आहे, तो आजच सोडावा."

अध्यक्षांनी ती ओळ आपल्या कागदावर उतरवून घेतली.

निकाल दोन वर्षांनी आला. गुंतवणुकीला न्याय द्यायचं वचन म्हणजे लोकांचा जीव वाचवायचा नियमच करणार नाही असं वचन नव्हे, असं त्यात होतं. आणि आमच्याविषयी एक ओळ होती. जे मोजतात, चुकतात, स्वतःहून कबूल करून सुधारतात, त्यांच्या कामाला मनमानी म्हणता येत नाही. एका पंचांना ते पटलं नाही, त्यांनी वेगळं लिहिलं. पण दोघांना पटलं, आणि चित्र राहिलं.

नंतर कचेरीत आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं. मी भंगाराच्या खोक्यात गेले. कुणाला माझी आठवणही झाली नाही, फक्त बाईंना झाली. त्यांनी अर्ज करून मला घरी आणलं, सोबत ती डबीही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. झिजलेली वस्तू लगेच फेकू नका. ती कुठे झिजलीय ते आधी नीट पाहा, आणि तेवढं सोडून मोजा.

हां, खारूची कापाकापी सांगायची राहिलीच. तिनं मला उचललं, एकपासून धरलं आणि आजोबांची डबी मोजली. कागदाचा पाऊण डबीएवढा तुकडा कापला, त्यावर काळं फुप्फुस रंगवलं आणि झाकणावर चिकटवलं. पक्षी झाकला गेला, पायांची टोकं तेवढी खाली उरली.

आईनं डबी हातात घेतली. चित्रावरून अंगठा फिरवला. पाळण्यात बाळ हळू श्वास घेत होतं.

"आई," खारू दबक्या आवाजात म्हणाली, "हे तेव्हाच लावलं असतं, तर आजोबा मला भेटले असते?"