कानामागचे केस

ना सण, ना सुट्टी, आन माझा पोरगा मल्हार बुधवारी होस्टेलातून बॅग घेऊन घरी आला, तवाच मला शक आला. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर, आन हे दिवसा झोपायलाय! मोबाईल उशीखाली. इचारलं तर मनला, "सुट्टी हाय." सुट्टी मने! मला काय येडा समजला का काय?

दुपारी आपसूक जवळ येऊन बसला.

"आबा, होस्टेलात पयल्या वर्षाच्या पोराचे केस कुनीतरी कातरले. रॅगिंग झाली मनून बोंब हाय, आन नाव माझं घ्यायलेत. मेंढरंवाल्याचा हाय ना मी! तुमी फक्त सांगा, रविवारी मी घरी होतो."

माझं डोस्कंच फिरलं. आमी मेंढरं राखतो मनून कुनीबी आळ घ्यावा का? रविवारी तो घरी नव्हता, पन मी मनलो, "सांगतो की!" त्याची माय केवळाबाई इतकंच बोलली, "खरं सांगायलंय का पोरगं?" मी तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी मल्हारला घेऊन परभणीला कॉलेजात गेलो. प्राचार्य बसलेले, बाजूला ते पोरगं उभं. चारठाण्याचं, बसवेश्वर नावाचं. डोक्याला टोपी. केस कातरताना त्याच्या डोळ्याला रुमाल बांधला होता, मनून कुनी कातरलं ते त्याला दिसलं न्हवतं. बाकीचं होस्टेल मुकं झालेलं.

प्राचार्य मनले, "दत्तराव, मुलगा रविवारी घरी होता असं लिहून द्या, विषय संपला. नसेल, तर त्याला दोन वर्षं कॉलेज बंद, आणि पोलीस केस वेगळी."

"देतो लिहून," मी तावात मनलो. "पन आधी टोपी काढा त्याची. बघू तरी, येवढं काय आभाळ कोसळलं!"

पोरानं टोपी काढली.

मानेपासून वर सरळ पट्टे कातरलेले. आन उजव्या कानामागं दोन बोटं केस तसेच उभे. मल्हार डावखुरा. तिथं त्याची कातर वळतच न्हाई. आमच्या दर मेंढराच्या कानामागं तो तेवढी लोकर सोडतो, आन दर बारीला मी त्याला शिव्या घालतो. मी मल्हारकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

खोटं कशाला बोलू, तरीबी पेन उचलला मी. आमच्या घरात डिगरीपर्यंत गेलेला हा पयलाच. दोन महिने तर राहिले होते! तेवढ्यात ते पोरगं टोपी घालायला लागलं, आन कानामागचे ते उरलेले केस बोटानं टोपीखाली लपवायलं. मी पेन खाली ठेवला.

"रविवारी हा घरी नव्हता," मी मनलो. "हे काम ह्याचंच हाय. लिवा."

गेटाबाहेर मल्हार फुटला. "बाप माझे का त्याचे तुमी? चार जन होतो आमी! बाकीचे सुटले, मी एकटाच मेलो!"

"चार जन कशाला लागले रे?"

तो चपलेनं माती उकरायला लागला.

"मेंढरू कातरायला मीच शिकवलं ना तुला? चारी पाय बांधायचे, मान गुडघ्याखाली दाबायची. त्या लेकराला तसंच धरलं का?"

लय येळ वाट बघितली मी. मल्हार 'न्हाई' मनला न्हाई.