बारावा किल्ला

उज्वलानं बारावा किल्ला पहिल्यांदा पाहिला तो एका रविवारी, आणि नेमके त्याच रविवारी तिला बघायला देवळ्याहून पाहुणे आले. आता याला तिचं नशीब म्हणा, नाहीतर तिच्या वडिलांचा आगाऊपणा म्हणा. किल्ला हातचा गेला तो गेलाच.

इंदिरानगरातल्या त्यांच्या घरात टीव्ही गेम आला होता धाकट्या मयूरसाठी. वडील अंबडला एका कंपनीत फोरमन. मयूर नववी पास झाला (पास झाला हो, नंबर-बिंबर काही नाही) म्हणून मुंबईहून येताना कौतुकानं घेऊन आले. उज्वला त्याच वर्षी बीकॉमला फर्स्ट क्लासात आली, तर तिला पंजाबी ड्रेस. ड्रेस दोन धुण्यांत विटला. खेळ मात्र टिकला. करडं खोकं, वायरीचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाजवळ धरून जोरात फुंकर मारायची आणि परत दाबायची. तेवढ्यानं कशी चालायची कोण जाणे, पण चालायची.

त्या कॅसेटवर एक किल्ल्याचा खेळ होता. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस अंधारात किल्ल्यात शिरायचा. तुटके पूल, वटवाघळं, पायाखालून सरकणाऱ्या पायऱ्या, आणि कंदिलातलं तेल संपायच्या आत पलीकडची दिंडी, म्हणजे छोटा दरवाजा, गाठायची. सुरुवातीला नकाशा दिसायचा, त्यावर असे बारा किल्ले. चान्स फक्त तीन. तिन्ही गेले की पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून. मधेच बंद केलं, वीज गेली, कुणाचा पाय वायरीत अडकला, तरीही पहिल्यापासून. दयामाया नाही.

मयूर आणि कॉलनीतली पोरं पाचव्या-सहाव्या किल्ल्यावर आपटायची आणि खेळालाच शिव्या घालायची. उज्वला दुपारची भांडी आवरून, ओले हात ओढणीला पुसत यायची आणि नवव्यापर्यंत सहज जायची. आधी पोरं म्हणायची, "ताई, तुला नाही जमायचं ते." मग म्हणायला लागली, "ताई, एवढा पूल पार करून दे ना." बाकी कशात म्हणाल तर पोरीचा हात बेताचाच. पोळी वाकडी, रांगोळी सरळ यायची नाही, आणि गळ्याबद्दल तर न बोललेलंच बरं. पण रिमोट हातात आला की तिचे अंगठे असे चालायचे की मागं उभी असलेली पोरं गप्प व्हायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या पाठीमागं उभं राहून कुणी वा म्हणत होतं. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

घरात सगळ्यांची मतं मात्र ठरलेली. आई म्हणायची, डोळे फुटतील. वडील म्हणायचे, पिक्चर ट्यूब जाईल. पिक्चर ट्यूब म्हणजे तेव्हा घरातला सगळ्यात नाजूक जीव. माणूस आजारी पडला तर काढा देऊन भागायचं, ट्यूबला काही झालं की घरात सुतक. आणि टीव्ही गेमनं ट्यूब जाते हे नाशकात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाची गेली, कधी गेली, ते विचारायचं नाही.

तर तो रविवार. उज्वला बाराव्या किल्ल्यावर पोचली, दोन चान्स शिल्लक, आणि आईनं आतून हाक मारली, "अगं, साडी नेसतेस ना? येतीलच आता." उज्वलानं पॉज दाबला. बुटका माणूस पायरीवर एक पाय उचलून थांबला. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, पाहुणे गेले की येते, असं मनाशी म्हणत ती साडी नेसायला गेली. वडील बाहेरच्या खोलीत आले, टीव्हीवर ते चित्र बघितलं, म्हणाले, "पाहुण्यांसमोर हे काय खोकं मांडलंय!" आणि सरळ प्लग उपटला.

पोह्यांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा टीव्ही काळाठिक्कर होता. त्यावर भरतकामाचं कापड टाकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळ्याची मंडळी म्हणाली, "पोरगी लाजाळू हाय." पसंत पडली.

मुलगा गोरक्ष. घरचा कांद्याचा व्यापार, माणूस वाईट नाही, ओरडणारा नाही, विचारणाराही नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि गोरक्षनं अंगठीनं त्यात नाव लिहिलं. सरिता. सासूबाईंनी, लंकाबाईंनी, ते आधीच ठरवून टाकलं होतं. थोरल्या चुलतजावेचं नाव उज्वला. "एका घरात दोन उज्वला कशाला पायजे? हाका मारताना घोटाळा नको." झालं. इतकं साधं कारण. वीस-एकवीस वर्षांचं नाव घोटाळा नको म्हणून तांदळाखाली गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.

दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा मयूरनं सांगितलं, "ताई, मी बारावा किल्ला केला."

"खरंच? शेवटी काय होतं रे?"

"दिंडी उघडते, राणी बाहेर येते, फटाके उडतात. आणि मग नाव विचारते. आपलं नाव लिहायचं, मग ते सोनेरी अक्षरात पडदाभर येतं. मी मयूर लिहिलं."

भावाचं कौतुक वाटायला हवं होतं, पण तिला राग आला. तिच्या किल्ल्यावर याचं नाव! मग हळूच दुसरा विचार आला. नाव लिहायला मिळतं. कुणी विचारतं, तुझं नाव काय, आणि आपण सांगू ते खरं धरतं. त्या दिवसापासून तिला बारावा किल्ला हवा होता तो त्यासाठी. एकदाच, पडदाभर, उज्वला. वेडेपणाच तो. पण माणसाला काहीतरी हवं असतं की नाही?

मयूरला तोवर कॉम्प्युटरचं खूळ लागलं होतं. "घेऊन जा ते खोकं," तो म्हणाला. "टीव्ही गेम म्हणजे बारक्या पोरांचं. आता कोण खेळतंय?" तिनं ते साड्यांमध्ये गुंडाळून देवळ्याला नेलं.

तिथं ते एकदाच लागलं. सगळे लग्नाला सटाण्याला गेलेले, घरात ती आणि डुलक्या घेणारा म्हातारा चुलतसासरा. सातव्या किल्ल्यावर होती तेवढ्यात जीपचा आवाज आला आणि तिनं घाईघाईनं सगळं आवरलं. पण वायर टीव्हीमागं राहिली. आठवड्यानं टीव्हीच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. आता त्या टीव्हीला खेटून पुतण्यानं टेपचे नवे कोरे भलेमोठे स्पीकर ठेवले होते, चुंबकानं डाग पडतो, या सगळ्या नंतर कळायच्या गोष्टी. मेकॅनिकनं मागचं झाकण काढायच्या आधी पहिला प्रश्न केला, "टीव्हीला गेम लावता का?" आणि लंकाबाईंच्या हातात ती वायर.

"सरिता, हे काय हाय?"

त्यानंतर जो कार्यक्रम अर्धवट दिसला, ज्या मॅचला वीज गेली, ज्या बातम्यांत मुंग्या आल्या, त्या सगळ्याला सरिता जबाबदार. "लय शिकलेली सून केली, ट्यूब खाल्ली," हे लंकाबाई आल्यागेल्याला सांगायच्या. गोरक्ष ऐकून घ्यायचा. खोकं ट्रंकेत गेलं, ट्रंक माळ्यावर गेली, आणि उज्वला वाट बघत राहिली. आपलं घर होईल, आपला टीव्ही होईल, तेव्हा.

तेही झालं. व्यापारात भावाभावांचं फाटलं, गोरक्षनं अंबडला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरी धरली, आणि मंडळी नाशकात आली. तीही इंदिरानगरातच, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. टीव्ही घेतला. पण तोवर मुलगा हर्षल शाळेत जायला लागला होता, आणि टीव्हीपुढं बसायचा हक्क घरात आता त्याचा. पुण्यात नोकरीला लागलेल्या मयूरमामानं भाच्याला सीडीवर चालणारा नवा कोरा काळा गेम पाठवला. तो त्याच टीव्हीला जोडला गेला आणि कुणी ट्यूबचं नावसुद्धा काढलं नाही. देवळ्याहून आलेल्या लंकाबाई नातवाशेजारी बसून म्हणाल्या, "काय गाडी पळवतो माझा राजा!" उज्वला ओट्याशी उभी होती. तिनं लाटणं असं आपटलं की पोळी परातीत पडली.

हर्षलची मतं ठाम. "आई, हे बघ, प्लेअरचा घामसुद्धा दिसतो. ग्राफिक्स बघ."

"घाम दिसला म्हणून काय झालं? पडला तर तिथूनच उठतोय की."

"सेव्ह केलंय मी. मेमरी कार्डवर."

"मग पडण्याला अर्थ काय उरला?"

"आई, तुला नाही कळायचं ते," हर्षल म्हणाला. वाईट बोलला असंही नाही. नवव्या वर्षी पोरं बोलतात तसंच बोलला. एकदा तिनं त्याचा रिमोट मागितला. त्याला इतकी बटणं आणि वर दोन दांड्या, तिची गाडी भिंतीला घासत राहिली आणि पोरगं पोट धरून हसलं. तिनं रिमोट परत दिला.

मग देवळ्याला नव्या कांदाचाळीची पूजा निघाली. फाटलेलं जरा शिवायचं होतं, म्हणून सगळ्यांनी जायचं ठरलं, आणि त्याच सकाळी उज्वलाची पाळी आली. गोरक्ष बूट घालता घालता थांबला. "मग तू नको येऊ. आई ऐकायची नाही." बापलेक गेले. दार लागलं. आणि उज्वला घरात एकटी उभी राहिली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पूर्ण दिवस.

तिनं स्टूल लावून देवळ्याहून आणलेली ट्रंक माळ्यावरून उतरवली. हर्षलच्या वायरी कुठली कुठे होती ते नीट बघून काढल्या. सकाळचं लोडशेडिंग संपून वीज येईपर्यंत ती खोकं मांडीवर घेऊन बसली होती. वीज आली. चॅनल जुळवता जुळवता मुंग्या आल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली, पुन्हा मारली, आणि पडद्यावर नकाशा. बारा किल्ले. "अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

पहिल्यांदा ती तिसऱ्यातच संपली. दुसऱ्यांदा सहाव्यात. अंगठे जाडे झाले होते, कणकेनं म्हणा, वयानं म्हणा. तिसऱ्यांदा मात्र काहीतरी जुळलं. बेल वाजली, ती उठली नाही. फोन वाजला, वाजू दिला. तिनं पॉज दाबला नाही. पॉजवरचा तिचा विश्वास त्या रविवारीच उडाला होता. सकाळचा चहा सोडला तर पोटात काही नव्हतं. दहावा गेला, अकरावा गेला, आणि पुन्हा ती पायरी, जिथं तो बुटका माणूस एक पाय उचलून थांबला होता.

तिथं एक चान्स गेला. दुसराही गेला. शेवटच्या चान्सला तेल इतकं कमी उरलं होतं की कंदिलाभोवती टिकलीएवढा उजेड, बाकी सगळा काळोख. ती पुढचा पूल अंदाजानं चढली. पायऱ्या मागं ढासळत होत्या. आणि दिंडी आली. ती आत शिरली.

पडदा काळा झाला. उज्वला ताठ बसली. तिनं केससुद्धा मागं सारले, जसं कुणी खरंच येणार होतं. नाव तिनं मनात जुळवून ठेवलं होतं.

नकाशा आला. बारा किल्ले. बुटका माणूस पहिल्या किल्ल्यापाशी, कंदील भरलेला.

तिला वाटलं, असेल काहीतरी, राणी अजून यायची असेल. तिनं पहिला किल्ला पुन्हा केला. दुसरा आला, तोच, तिथंच वटवाघूळ. मग तिन्ही चान्स तिनं मुद्दाम घालवले आणि बघत राहिली. नाव कुणीच विचारलं नाही.

तिनं पुण्याला फोन लावला. "मयूर, किल्ल्याच्या खेळात शेवटी नाव लिहायचं असतं, ते कुठं येतं रे?"

"कुठला किल्ला?" मग त्याला आठवलं आणि तो खो खो हसला. "अगं ताई! ते होय! अगं, मी तेव्हा उगाच ठोकून दिलं होतं. मी सातव्याच्या पुढं कधी गेलोच नाही. तू बाराव्यावर पोचली होतीस ना, मग मला जरा... पोरगाच होतो की मी. असल्या डुप्लिकेट कॅसेटींना शेवट-बिवट काही नसतो. फिरून पहिल्यापासून चालू होतं."

"बरं."

"का गं? रागावलीस?"

"नाही रे. स्वयंपाक राहिलाय. ठेवते."

ती परत टीव्हीपुढं येऊन बसली. रडूही येईना. रिमोट हातात होता, म्हणून खेळ चालू केला. अंगठ्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. बाहेर अंधारलं, दिवा लावायचा राहून गेला.

बेल वाजली. "सरिता, उघड गं!" गोरक्षचा आवाज. तिनं उठून दार उघडलं. हातात प्रसादाची पुडी घेतलेला हर्षल तिच्या काखेखालून आत घुसला आणि टीव्हीकडे बघून थबकला.

"आई, तू गेम खेळत होतीस? दिवसभर?" तो पडद्याजवळ गेला, नकाशा बघितला, आणि त्याला इतकं हसू आलं की पुडीतला शिरा सांडला. "आणि अजून पहिल्याच लेव्हलला!"

"हो रे," ती म्हणाली. "पहिल्याच."

आणि तिनं प्लग काढला.